निष्कास-झोतातील जंबुपार प्रारण : चिन्ह आणि पार्श्वभूमी यांचा विचार

दि. ४ डिसेंबर २०२३ रोजी भारतीय नौदलाचा नौदल दिन सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवणनजीकच्या तारकर्लीच्या किनाऱ्यावर साजरा झाला. त्या प्रात्यक्षिकांत वीस युद्धनौका आणि चाळीस विमाने सहभागी झाली होती. त्यांत मिग-२९ के आणि तेजसची नौदलीय आवृत्ती ही जेट विमानेही होती. अशा विमानाच्या शेपटाकडून बाहेर पडणारा तप्त वायूंचा झोत आपल्या डोळ्यांना जसा दिसतो, तसाच तो सर्व उपकरणांना दिसत नाही. अवरक्त प्रारण टिपणाऱ्या उपकरणाला तो मशालीसारखा लखलखीत भासतो. जंबुपार प्रारणाच्या एका विशिष्ट पट्ट्यात पाहणाऱ्या उपकरणाला तो जवळजवळ दिसतच नाही. याउलट, त्याच विमानाच्या रोखाने डागलेले एखादे लहानसे क्षेपणास्त्र याच पट्ट्यात स्पष्ट दिसते. असे का व्हावे, हे समजावून सांगणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

लेखक भौतिकीचा नसून भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे. तथापि हा विषय भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परका वाटू नये, अशी त्यात एक गोष्ट आहे. क्षेपणास्त्राच्या झोतातील जंबुपार प्रारण अत्यंत क्षीण असते. झोतातून बाहेर पडणाऱ्या एकूण ऊर्जेचा तो नगण्य अंश होय. असे असूनही त्याची ओळख पटते, ती त्याच्या प्रबळतेमुळे नव्हे, तर ज्या पार्श्वभूमीवर ते उमटते ती पार्श्वभूमी त्या पट्ट्यात निःशब्द असल्यामुळे. चिन्हाचे मूल्य त्याच्या अंगभूत गुणांत नसून इतरांशी असलेल्या त्याच्या भेदात असते, हा सोस्यूरने मांडलेला विचार आपणास परिचित आहे. तोच विचार येथे भौतिकीच्या क्षेत्रात, आणि जेथे माणसांचे प्राण काही सेकंदांवर अवलंबून असतात अशा ठिकाणी, प्रत्ययास येतो.

१. संज्ञेविषयी थोडेसे

दृश्य प्रकाशाच्या जांभळ्या टोकापलीकडे, म्हणजे सुमारे ४०० नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचे जे प्रारण असते, त्यास मराठीत दोन संज्ञा प्रचलित आहेत. शालेय पाठ्यपुस्तकांत ‘अतिनील’ हा शब्द रूढ आहे. मराठी विश्वकोशाने ‘जंबुपार’ हा शब्द स्वीकारला. हिंदीत ‘पराबैंगनी’ म्हणतात. रंगाचे नाव हिंदीने वांग्यावरून घेतले आणि मराठीने जांभळावरून. कोकणातील वाचकाला यांपैकी कोणते फळ जवळचे वाटेल, हे सांगावयास नको.

अर्थदृष्ट्या पाहता ‘अतिनील’ या शब्दात दोन अडचणी आहेत. पहिली अशी की, ‘अति’ हा उपसर्ग आपण बहुधा आधिक्याच्या अर्थाने घेतो. अतिशीत, अतिदूर यांप्रमाणे अतिनील म्हणजे ‘फार निळा’ असा बोध सहज होतो. वस्तुतः येथे रंगाचे आधिक्य अभिप्रेत नसून रंगाची सीमा ओलांडणे अभिप्रेत आहे. दुसरी अशी की, नीळ आणि जांभळा हे भिन्न वर्ण असून सीमा जांभळ्याची आहे. ‘जंबुपार’ हा शब्द सीमा कोणती आणि ती ओलांडली हे दोन्ही सांगतो. म्हणून या लेखात तोच वापरला आहे. तांबड्या टोकाअलीकडील प्रारणास रूढीप्रमाणे ‘अवरक्त’ म्हटले आहे.

जंबुपार पट्ट्याचे सोयीसाठी तीन भाग करतात. ४०० ते ३१५ नॅनोमीटरचा भाग दृश्य प्रकाशाला लागून असतो; ३१५ ते २८० चा मधला; आणि २८० पासून १०० पर्यंतचा तिसरा. प्रस्तुत विवेचनात या तिसऱ्या भागातील सुमारे २४० ते २८० नॅनोमीटर एवढाच अरुंद पट्टा महत्त्वाचा आहे.

२. ज्वालेचे वाचन : विजयदुर्ग आणि जमखंडी

तप्त वायूच्या प्रकाशाचे पृथक्करण करून त्यात काय जळत आहे हे ओळखण्याची विद्या किर्खोफ आणि बुन्सेन यांनी १८५९-६० च्या सुमारास पक्क्या पायावर उभी केली. या विद्येच्या इतिहासात सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला आणि सीमेवरील मराठी मुलखाला स्थान आहे.

१८ ऑगस्ट १८६८ रोजीचे खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसले. त्या वेळी सूर्याच्या कडेवरील तेजःशिखांचा वर्णपट ज्यांनी न्याहाळला, त्यांत गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होता, आणि पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल होता. या हर्शेलचा आजा विल्यम हर्शेल यानेच १८०० मध्ये तापमापकाच्या साहाय्याने अवरक्त प्रारणाचा शोध लावला होता. पुढल्याच वर्षी जर्मनीत रिटरने रौप्य क्लोराइड काळे पडते यावरून जांभळ्या टोकापलीकडील प्रारण दाखवून दिले. तेजःशिखांचा वर्णपट अखंड पट्ट्यासारखा न दिसता सुट्या तेजस्वी रेषांचा दिसला. म्हणजे त्या शिखा तप्त वायूच्या होत्या, हे निश्चित झाले.

त्या रेषांपैकी एक पिवळी रेषा सोडियमच्या सुपरिचित जोडरेषेच्या अगदी जवळ होती. सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असतात, ही ५८७.६ वर. प्रथमतः ती सोडियमचीच मानली गेली. ओळखीच्या अक्षराशी मिळतेजुळते अपरिचित अक्षर दिसले की वाचक ते ओळखीचेच समजून पुढे जातो, तसाच हा प्रकार झाला. ती रेषा सोडियमची नाही आणि पृथ्वीवर ज्ञात असलेल्या कोणत्याच मूलद्रव्याची नाही, हे इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियरने ओळखले. त्या मूलद्रव्यास हेलियम हे नाव मिळाले आणि १८९५ मध्ये रॅम्झीने ते पृथ्वीवरील खनिजात शोधून काढले.

विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून दाखविले जाणारे ओटे आहेत आणि १८६८ चे ग्रहण लॉकियरने तेथून पाहिले अशी समजूत प्रचलित आहे. परंतु लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्ये होता व त्याचे निर्णायक निरीक्षण २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, तेथेच झाले. तो विजयदुर्गास आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. त्या मोहिमेत लोलक बसविलेल्या छायापेट्यांनी सूर्याच्या कडेचे वर्णपट टिपण्यात आले. याच ग्रहणाचे वेध पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रा. नायगमवाला यांनी जेऊर येथून घेतले. छायाचित्रणाची काच डोळ्यापेक्षा जांभळ्या टोकाकडे अधिक संवेदनशील असल्यामुळे या वर्णपटांचा रोख जंबुपाराच्या उंबरठ्याकडेच होता. लोकस्मृतीत दोन ग्रहणे एक झाली, एवढाच त्या समजुतीचा अर्थ. मात्र वायूच्या ज्वालेचा वर्णपट वाचण्याचे काम या किनाऱ्यावर सव्वाशे वर्षांपूर्वी झाले, हे निर्विवाद आहे. निष्कास-झोताचे वाचन हा त्याच विद्येचा पुढचा धडा होय.

३. ज्योतीतून प्रकाश निघण्याचे दोन मार्ग

झोतातून जंबुपार प्रारण का निघते हे समजण्यासाठी घरातील दोन ज्योतींची तुलना पुरेशी आहे. चुलीतील किंवा चिमणीची ज्योत पिवळी असते. गॅसच्या शेगडीची निळी. या दोन रंगांमागे दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत.

पिवळ्या ज्योतीत काजळीचे सूक्ष्म घनकण तापून प्रकाशतात. असा प्रकाश तापमानाच्या नियमाने चालतो : वस्तू जितकी तप्त, तितके तिचे प्रारण अधिक आणि तितका त्याचा कल लघु तरंगलांबीकडे. १,००० केल्व्हिन तापमानाच्या वस्तूचे प्रारण सुमारे २.९ मायक्रोमीटरला, म्हणजे अवरक्तात, कमाल होते. ३,००० केल्व्हिनच्या वस्तूचेही ते सुमारे ०.९७ मायक्रोमीटरला, म्हणजे अवरक्तातच राहते. जंबुपाराच्या वाट्यास जी शेपटी येते ती अत्यंत बारीक असते. पण ती तापमानाबरोबर आश्चर्यकारक वेगाने वाढते. तापमान २,००० वरून ३,००० केल्व्हिनवर गेले, तर एकूण प्रारण सुमारे पाचपट होते. मात्र २६० नॅनोमीटरवरील प्रारण प्लांकच्या सूत्रानुसार सुमारे दहा हजारपट होते. आणि १,००० वरून २,००० वर जाताना एकूण प्रारण सोळापट वाढते, तर २६० नॅनोमीटरवरील प्रारण सुमारे एक लक्ष कोटीपट. सर्व विवेचनाची किल्ली या आकड्यांत आहे. अवरक्तात थंड आणि तप्त यांतील भेद पायऱ्यांचा असतो. जंबुपारात तो कड्याचा असतो.

निळ्या ज्योतीची गोष्ट निराळी आहे. तिचा निळेपणा केवळ तापमानाने आलेला नसतो. ज्वलनाच्या रासायनिक विक्रियेत काही रेणू उत्तेजित अवस्थेतच जन्मास येतात आणि आपली जादा ऊर्जा ठराविक तरंगलांबीच्या प्रकाशाच्या रूपाने टाकून देतात. शेगडीच्या ज्योतीतील ४३१ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश कार्बन-हायड्रोजनच्या अल्पजीवी जोडीचा, ५१६ च्या आसपासचा दोन कार्बन अणूंच्या जोडीचा; आणि डोळ्याला न दिसणारा सुमारे ३०८ नॅनोमीटरचा पट्टा हायड्रॉक्सिलचा असतो. थंडीच्या दिवसांत कोकणच्या समुद्रात रात्री लाटांच्या माथ्यावर जो निळसर उजेड दिसतो, तोही सूक्ष्म जीवांच्या शरीरातील रासायनिक विक्रियेतून आलेला असतो. तेथे तर उष्णतेचा प्रश्नच नसतो. विक्रियेतून निघणाऱ्या अशा प्रकाशास रासायनिक दीप्ती म्हणतात.

४. विमानाचा झोत आणि क्षेपणास्त्राचा झोत

आता हे दोन मार्ग निष्कास-झोताला लावून पाहू. जेट एंजिनात इंधनाच्या मानाने हवा पुष्कळ घेतली जाते. त्यामुळे ज्वलन बहुतांशी एंजिनाच्या पोटातच पुरे होते व टर्बाइन फिरवून बाहेर पडणारा वायू बराच निवलेला असतो. चिपी येथे ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेल्या विमानतळावर उतरणाऱ्या प्रवासी विमानाचा झोत १,००० केल्व्हिनच्याही खाली असतो. या तापमानाला २६० नॅनोमीटरवरील प्रारण व्यवहारतः शून्य होय. लढाऊ विमान आफ्टरबर्नर लावते, म्हणजे टर्बाइनच्या मागे पुन्हा इंधन जाळते, तेव्हा झोत सुमारे २,००० केल्व्हिनपर्यंत चढतो. हायड्रॉक्सिलची दीप्तीही त्यात आढळते. तरीही तिचा जोर ३०८ नॅनोमीटरच्या आसपास असतो, आपल्या अरुंद पट्ट्याच्या बाहेर.

घन इंधनाच्या रॉकेटची गोष्ट वेगळी. त्याच्या इंधनात अमोनियम परक्लोरेट, रबरासारखा बांधकी पदार्थ आणि पुष्कळदा ॲल्युमिनियमची भुकटी असते. ज्वलनकक्षातील तापमान सुमारे ३,००० ते ३,५०० केल्व्हिन असते. ॲल्युमिनियम जळून त्याचे ऑक्साइड बनते. त्याचा वितळबिंदू २,०७२ अंश सेल्सियस असल्याने ते कक्षात द्रवबिंदूंच्या रूपात असते. नळकांड्याच्या तोंडातून बाहेर पडताना वायू प्रसरण पावून झपाट्याने निवतो, पण हे कण त्याच्यामागे रेंगाळत निवतात. म्हणून ते वायूहून अधिक काळ तप्त व तेजस्वी राहतात. शिवाय कक्षातील प्रखर उजेड या कणांवरून विखुरला जाऊन बाहेर येतो. श्रीहरिकोटा येथून ध्रुवीय उपग्रह प्रक्षेपकाचे उड्डाण होते तेव्हा त्याच्या मागे दिसणारी पांढरीशुभ्र धग आणि तितकाच शुभ्र धूर ही प्रायः याच ऑक्साइडची करणी होय.

दुसरा मार्गही येथे सक्रिय असतो. रॉकेट आपला ऑक्सिजन बरोबर नेते आणि तो जपून वापरते. त्यामुळे झोतात न जळलेला कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन उरतो. बाहेरच्या हवेशी गाठ पडताच हे वायू झोताच्या कडेला पुन्हा पेटतात. या पुनर्ज्वलनात हायड्रॉक्सिल तर उत्तेजित होतेच. शिवाय कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजनचा अणू एकत्र येऊन जी दीप्ती निघते, ती रेषांची नसून रुंद, अखंड पट्ट्याची असते आणि सुमारे २५० नॅनोमीटरपासून दृश्य प्रकाशात दूरवर पसरलेली असते. धुराचा माग राहू नये म्हणून ॲल्युमिनियम वगळलेल्या इंधनातही हा प्रकाश टळत नाही. मात्र उंची वाढून हवा विरळ होत गेली की पुनर्ज्वलन मंदावते आणि हा अंश घटतो.

सारांश, विमानाचा झोत अवरक्तात बोलका व जंबुपारात मुका. क्षेपणास्त्राचा झोत अवरक्तात तर बोलतोच, पण जंबुपारातही हलक्या आवाजात बोलतो. हा हलका आवाज ऐकू यावा कसा, हा यापुढील प्रश्न.

५. आकाशाचे मौन

जमिनीवरील जीवसृष्टी ज्यामुळे सुरक्षित आहे, तोच ओझोन येथे उपयोगी पडतो. सूर्याच्या वर्णपटाचे जंबुपार टोक सुमारे २९० नॅनोमीटरच्या जवळ एकाएकी तुटते, हे फ्रान्समध्ये कोर्न्यू याने १८७०-८० च्या दशकात दाखविले. त्याचे कारण वातावरणातील ओझोन, असे हार्टलीने १८८१ मध्ये प्रतिपादिले. ओझोनच्या शोषणाचा हा पट्टा आजही हार्टलीच्या नावाने ओळखला जातो आणि त्याचा कळस २५५ नॅनोमीटरच्या आसपास आहे.

हे शोषण किती प्रखर असते याची कल्पना पुढील हिशेबावरून येईल. आपल्या अक्षांशावर डोक्यावरचा सगळा ओझोन गोळा करून समुद्रसपाटीच्या दाबाला व शून्य अंश तापमानाला आणला, तर त्याचा थर जेमतेम २.७ मिलिमीटर जाडीचा होईल. तरीही त्यातून २५५ नॅनोमीटरचे प्रारण पार होण्याचे प्रमाण एकावर ३६ शून्ये ठेवून येणाऱ्या संख्येमागे एक, या घरातील येते. म्हणजे भर दुपारी, वैशाखात, मालवणच्या वाळूवर उभे राहिले तरी सूर्याचा या तरंगलांबीचा एकही फोटॉन आपल्यापर्यंत पोहोचत नाही. या पट्ट्यापुरते आकाश दिवसाही अमावास्येच्या रात्रीसारखे काळे असते.

इंग्रजीत या पट्ट्यास ‘सोलर-ब्लाइंड’ म्हणतात. त्याचे शब्दशः भाषांतर ‘सौरांध’ असे केलेले वाचनात येते. पण ते मराठीच्या प्रकृतीला धरून नाही. ‘रातांधळा’ म्हणजे रात्री न दिसणारा. ‘जन्मांध’ म्हणजे जन्मापासून अंध. आपल्या समासांत अंधत्वाचा काळ, कारण वा आरंभ येतो. काय दिसत नाही ते येत नाही. ‘सौरांध’ म्हटल्याने सूर्यामुळे दिपून आंधळे झालेले उपकरण डोळ्यांपुढे येते, आणि तो अर्थ मूळ अर्थाच्या नेमका उलट आहे. येथे उपकरणात काही उणीव नसून सूर्यच बोलत नाही. म्हणून ‘सूर्यमौन पट्टा’ ही संज्ञा आम्ही सुचवितो व पुढे वापरतो.

अवरक्तात परिस्थिती याच्या उलट असते. तेथे तापलेले कातळ, लाटांवरून परावर्तित होणारे ऊन, ढगांच्या कडा, गावातली भट्टी, ही सारी एकाच वेळी बोलत असतात. झोताचा आवाज तेथे कितीतरी मोठा. पण तो बाजारातला आवाज. सूर्यमौन पट्ट्यात तो कुजबुजीएवढा. पण ती कुजबुज रिकाम्या गाभाऱ्यातली.

६. ओळख कशी पटते

हेलिकॉप्टर किंवा संथ गतीची विमाने यांना मोठा धोका असतो तो खांद्यावरून डागल्या जाणाऱ्या लहान क्षेपणास्त्रांचा. अशी क्षेपणास्त्रे ध्वनीच्या सुमारे दुप्पट वेग गाठतात. तीन किलोमीटरवरून निघालेले क्षेपणास्त्र पाच-सहा सेकंदांत येऊन पोहोचते. तेवढ्या अवधीत धोका ओळखणे, दिशा ठरविणे आणि फसव्या ज्योती सोडणे हे सर्व व्हावे लागते. चालकाने डोळ्यांनी पाहून हे करणे मानवी शक्तीपलीकडचे आहे.

सूर्यमौन पट्ट्यात पाहणारा संवेदक विमानाच्या अंगावर चहूबाजूंनी बसवितात. त्यातील प्रकाशग्राही लेप बहुधा सीझियम टेल्युराइडचा असतो. सुमारे ३२० नॅनोमीटरहून दीर्घ तरंगलांबीला तो प्रतिसाद देत नाही. उरलेले अनिष्ट प्रारण गाळण्यासाठी निकेल सल्फेटाच्या स्फटिकांसारख्या गाळण्या लावतात. यातून जे पार होते, ते एकेक फोटॉन मोजावे इतके थोडे असते. पार्श्वभूमी शून्याजवळ असल्यामुळे तेवढे पुरते. भारतीय बनावटीच्या ध्रुव हेलिकॉप्टरांसाठी स्वीडनच्या साब कंपनीची जी स्वसंरक्षण-प्रणाली घेतली गेली, तिचे क्षेपणास्त्रसूचक संवेदक जंबुपारातच पाहतात.

तथापि मौन म्हणजे निर्जनता नव्हे. बंदरावर होडीच्या दुरुस्तीसाठी चाललेल्या वेल्डिंगच्या ठिणगीत या पट्ट्यातील प्रारण असते. विजेच्या कडकडाटात असते. समुद्राकाठच्या उच्चदाब तारांच्या चिनीमातीच्या विद्युतरोधकांवर खाऱ्या वाऱ्याने मिठाचा थर बसतो आणि दमट हवेत तेथे सूक्ष्म विद्युत्-विसर्जन होऊ लागते, त्यातही असते. (हे विसर्जन भर दिवसा शोधून काढण्यासाठी वीज-अभियंते याच पट्ट्याचे कॅमेरे वापरतात, हा या ज्ञानाचा शांततेच्या काळातील उपयोग.) अशा प्रत्येक ठिणगीस क्षेपणास्त्र समजून चालणार नाही : फसव्या ज्योती संपून जातील, आणि वारंवार खोटी सूचना देणाऱ्या यंत्रावर चालक विश्वास ठेवणार नाही.

येथे एकट्या चिन्हाचे वाचन अपुरे पडते व चिन्हांच्या अनुक्रमाकडे वळावे लागते. मराठीत ‘जग’ हे लेखी रूप ‘विश्व’ या अर्थाचे की ‘जगणे’ या धातूचे आज्ञार्थी, हे नुसत्या अक्षरांवरून ठरत नाही, वाक्य ठरविते. तद्वत वेल्डिंगची ठिणगी थरथरते, पण एका जागी राहते. वीज क्षणात संपते. क्षेपणास्त्राचा झोत प्रथम उसळतो, मग टिकून राहतो, जवळ येताना त्याची तीव्रता वाढत जाते आणि आपल्याच रोखाने येत असेल तर दिशा जवळजवळ स्थिर राहते. यंत्र हे ‘वाक्य’ पुरे होण्याची वाट पाहते. पण ती वाट एखाद्या सेकंदाहून जास्त पाहता येत नाही. लवकर बोलावे तर खोटे ठरण्याचे भय, उशिरा बोलावे तर व्यर्थ. या दोहोंमधील निवड हा अशा यंत्राच्या रचनेतील खरा पेच आहे.

७. मर्यादा आणि अभावाचे चिन्ह

जो ओझोन पार्श्वभूमी काळी करतो, तोच चिन्हही खातो. समुद्रसपाटीजवळच्या हवेत दर अब्ज रेणूंमागे ३० रेणू ओझोनचे असले, तर केवळ त्यामुळे एका किलोमीटरात २५५ नॅनोमीटरचे निम्म्याहून अधिक प्रारण गळते. हवेच्या रेणूंवरून होणारे प्रकीर्णन जमेस धरले, तर पाच किलोमीटरांनंतर सरळ रेषेत शेकडा एकाहूनही कमी उरते. किनाऱ्यावरील खारट, दमट हवेत ही गळती आणखी वाढते. म्हणून हा पट्टा जवळच्या धोक्यासाठी आहे. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे : क्षेपणास्त्राचे इंधन संपले की झोत विझतो आणि ते आपल्या वेगावर निमूटपणे पुढे येते. त्या अवस्थेत सूर्यमौन संवेदक निरुपयोगी. याच कारणाने जलद आणि उंच उडणाऱ्या लढाऊ विमानांसाठी दोन अवरक्त पट्ट्यांची परस्पर तुलना करणारे द्विवर्णी संवेदक विकसित झाले असून बंगळूर येथील डेअर या संरक्षण संशोधन संस्थेनेही त्या दिशेने काम केले आहे.

अवकाशातून पाहिले, तर हेच चित्र उलटे होते. वरून खाली पाहणाऱ्यास ओझोनचा थर पृथ्वीवरील सर्व काही झाकतो. रॉकेट त्या थराच्या वर येईपर्यंत दिसत नाही, आणि वर आले की काळ्या पडद्यावर उमटते. १४ फेब्रुवारी १९९० रोजी सोडलेल्या अमेरिकेच्या ‘लेस’ उपग्रहावर यासाठी स्वतंत्र जंबुपार उपकरण होते आणि त्याने चार रॉकेटांच्या झोतांची निरीक्षणे केली.

शेवटी विमानाच्या मुकेपणाकडे पुन्हा वळू. ३०० ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात सूर्य मौन नसतो. हवेच्या रेणूंवरून विखुरलेल्या प्रारणाने तेथे सगळे आकाश उजळलेले असते. या उजळ आकाशावर विमान काळ्या डागासारखे दिसते. त्याने सोडलेली फसवी ज्योत मात्र अवरक्ताप्रमाणे जंबुपारातही झळकते. अमेरिकेच्या स्टिंगर क्षेपणास्त्राच्या १९८० च्या दशकातील सुधारित आवृत्तीत अवरक्ताबरोबर जंबुपार संवेदक बसविला गेला तो याच कारणाने : अवरक्तात दोन्ही तेजस्वी, पण जंबुपारात जे काळे ते विमान आणि जे झळकते ते सोंग. विमानाचे जंबुपारात न बोलणे हेच त्याचे लक्षण ठरले.

‘दगड पडला’ आणि ‘दगड पडले’ या दोन वाक्यांत ‘दगड’ या नामाला कोणताच प्रत्यय दिसत नाही. तरी अनेकवचनात आपण शून्य प्रत्यय मानतो, कारण ‘घोडा-घोडे’ सारख्या रूपांच्या व्यवस्थेत त्या अभावालाही स्थान आहे. पाणिनीने लोपाची कल्पना व्याकरणाच्या पायाशी ठेवली ती अशाच जाणिवेतून. अभाव अर्थपूर्ण होतो तो व्यवस्थेमुळे. उजळ आकाशावाचून विमानाच्या काळेपणास काहीच अर्थ नसता, जसा काळ्या आकाशावाचून क्षेपणास्त्राच्या क्षीण उजेडास नसता.

या विषयाच्या अभ्यासातून विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे : चिन्ह किती प्रबळ आहे याआधी ते कशाच्या विरोधात उभे आहे, हे विचारावे. ध्वनींचा, प्रत्ययांचा किंवा बोलींचा अभ्यास करताना आपण सामग्री जमवितो ती बहुधा जे ऐकू येते त्याची. ज्या जागी काही ऐकू येत नाही, त्या जागांची नोंदही तितक्याच काटेकोरपणे व्हावयास हवी. वर्णपट वाचणाऱ्यांनी जी शिस्त अंगी बाणविली, ती हीच होय.